बसला, पण चालेना
(प्रोसेसर व मदरबोर्ड यांच्या जुळणीविषयीं नभोवाणीवर केलेलें भाषण)



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझ्या नातवानें आपल्या संगणकासाठीं नवा प्रोसेसर आणिला. संगणक २०१९ सालीं घेतलेला. त्यांत एएमडी या अमेरिकन कंपनीचा ‘रायझन ३ २२००जी’ हा प्रोसेसर होता. नवा आणिला तोहि त्याच कंपनीचा, ‘रायझन ५ ५६००जी’. दोघांचा आकार एक, दोघांच्या पोटाखालीं सोन्याचा मुलामा दिलेल्या १३३१ पिना, आणि दोघांच्या एका कोपऱ्यावर तोच चिमुकला सोनेरी त्रिकोण. नातवानें सॉकेटाची दांडी उचलली, जुना प्रोसेसर काढिला, नवा ठेविला. यत्किंचितहि जोर न लावतां तो आपल्या जागीं बसला. दांडी खालीं केली, पंखा चढविला, बटण दाबलें. पंखे फिरूं लागले, दिवे लागले. पडदा मात्र काळा तो काळाच राहिला.

संगणक दुकानांत नेला. दुकानदारानें पांच मिनिटें इकडे-तिकडे पाहून निकाल सांगितला, “काका, बोर्ड गेला. नवा घ्यावा लागेल.” म्हणजे आणखी आठ-नऊ हजार रुपये. नातवानें शिष्यवृत्तीच्या पैशांतून प्रोसेसर घेतला होता. बोर्डासाठीं त्याच्यापाशीं कांहीं उरलें नव्हतें. घरीं परत येतांना त्यानें मला विचारलें, “आजोबा, बसला तर अगदीं बरोबर, मग चालत कां नाहीं?” मी शाळामास्तर, या यंत्रांचा पंडित नव्हें. परंतु प्रश्न इतका सरळ होता कीं, त्याचें उत्तर शोधल्यावांचून राहवेना. आठ-पंधरा दिवस त्याच्या मागें लागून जें समजलें, तें आज आपणांपुढें मांडतों. आज घरोघरीं अशी यंत्रें आहेत, आणि ‘बोर्ड गेला’ हें वाक्य आपणांपैकीं अनेकांना केव्हां ना केव्हां ऐकावें लागणार आहे.

मदरबोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटींतील ती मोठी पाटी, जिच्यावर सर्व भाग जोडलेले असतात. आणि प्रोसेसर म्हणजे त्या पाटीवर बसणारा, सारी आकडेमोड करणारा चौकोनी तुकडा. हे दोन भाग बहुधा दोन निराळ्या ठिकाणीं जन्मतात. प्रोसेसर आंखणाऱ्या इंटेल व एएमडी या कंपन्या अमेरिकेंतील, तर घरगुती मदरबोर्ड करणारीं असूस, गिगाबाइट, एमएसआय, एसरॉक हीं नामांकित घराणीं तैवानांतील. एकाचा माल दुसऱ्याच्या मालाशीं जुळावा लागतो. हा ‘जुळणें’ शब्द मात्र फसवा आहे. पत्रिका जुळली म्हणजे संसार जुळतोच असें नाहीं, हें आपणांस ठाऊक आहे. प्रोसेसर आणि बोर्ड यांचेंहि तसेंच आहे.

आकाराची जुळणी ही त्यांतली सर्वांत सोपी, कारण ती डोळ्यांना दिसते. १९९० नंतरच्या दशकांत ‘सॉकेट ७’ नांवाची एक बैठक होती. तींत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्हीं कंपन्यांचे प्रोसेसर बसत असत. पुढें प्रत्येकानें आपली चूल निराळी मांडली. इंटेल आपल्या सॉकेटांना त्यांतील संपर्कबिंदूंच्या संख्येवरून नांवें देते: २०१५ सालीं एलजीए ११५१, २०२० सालीं १२००, २०२१ सालीं १७००, आणि २०२४ सालीं १८५१. एएमडीचें एएम४ हें सॉकेट २०१७ पासून रायझन प्रोसेसरांना पुरलें, आणि २०२२ सालीं एएम५ आलें. त्यांत पिना प्रोसेसरावरून निघून सॉकेटांत गेल्या आणि त्यांची संख्या १७१८ झाली. एएम५ चा प्रोसेसर एएम४ च्या बोर्डावर बसणार नाहीं, हें पोरालाहि दिसतें. म्हणून येथें सहसा कोणी फसत नाहीं. फसगत होते ती सॉकेट तेंच असतें तेव्हां.

आपल्या घरांतील भिंतीवर पांच अँपियरची लहान आणि पंधरा अँपियरची मोठी अशी प्लगांची दोन प्रकारचीं भोंकें असतात. गीझरचा जाड पिनांचा प्लग लहान भोंकांत जात नाहीं, हें आपलें भाग्य. पण एखाद्या हौशी वायरमननें जुन्या बारीक तारेच्या टोंकाला नुसतें मोठें भोंक बसवून दिलें, तर प्लग आंत जाईल, आणि भिंतीच्या पोटांतील तार तापूं लागेल. मदरबोर्डाची दुसरी जुळणी ती हीच: भोंकामागची तार.

येथें थोडें गणित करूं. प्रोसेसर १०० वॅट शक्ति खातो असें समजा, आणि त्याला लागणारा दाब अवघा १.२ व्होल्ट. शंभराला एक पूर्णांक दोन दशांशानें भागलें कीं सुमारें ८३ अँपियर येतात. दोन हजार वॅटचा गीझर आपल्या २३० व्होल्टांवर जेमतेम नऊ अँपियर प्रवाह घेतो. म्हणजे गीझरच्या नवपट प्रवाह त्या पाटीवरच्या तांब्याच्या पातळ पट्ट्यांतून आणि केसासारख्या पिनांतून जावयाचा असतो. प्रवाह इतका मोठा आहे म्हणूनच तो शेंकडों पिनांत वांटून द्यावा लागतो. पेटींतील वीजपुरवठ्याकडून १२ व्होल्ट येतात. त्यांचें एक-सव्वा व्होल्टांत रूपांतर करणारे नियामक प्रोसेसरच्या भोंवतीं बोर्डावर बसविलेले असतात. स्वस्त बोर्डांत ते थोडे असतात, आणि त्यांच्यावर उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळाहि बहुधा नसतो. अशा बोर्डावर मोठा प्रोसेसर ठेविला तर तो सुरू होईलहि. पण नियामक तापले कीं गति उतरवावी लागेल, आणि मोठ्या प्रोसेसरसाठीं दिलेले पैसे धुरासारखे जातील.

२०१७ सालच्या ऑक्टोबरांत या दुसऱ्या जुळणीवरून मोठी कुरबूर झाली. इंटेलनें आपले आठव्या पिढीचे प्रोसेसर बाजारांत आणिले. सॉकेटाचें नांव तेंच, ११५१. आकार तोच, खांचा त्याच. तरीहि ते आदल्या दोन पिढ्यांच्या बोर्डांवर चालत नसत. त्यांच्यासाठीं झेड३७० जातीचा नवा बोर्ड घ्यावा लागे. ज्यानें त्याच वर्षाच्या जानेवारींत निघालेला झेड२७० बोर्ड घेतला होता, त्याचा बोर्ड दहा महिन्यांत जुना ठरला. कंपनीचें म्हणणें असें कीं, नव्या पिढींत गाभ्यांची संख्या चारावरून सहावर गेली, त्यांना वीज अधिक लागते, आणि म्हणून पूर्वीं राखून ठेवलेल्या कांहीं बिंदूंना वीज वाहून नेण्याचें काम दिलें आहे. हें खरेंच होतें. परंतु पुढें कांहीं हौशी मंडळींनीं प्रोसेसरच्या ठराविक बिंदूंवर विद्युत्‌रोधक पट्टीचे तुकडे चिकटवून आणि बोर्डाचा मूळ कार्यक्रम बदलून, तेच प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालवून दाखविले. यावरून कंपनी खोटें बोलली असें मी म्हणणार नाहीं. लाखों बोर्डांची हमी घेणें आणि टेबलावर एक बोर्ड चालवून दाखविणें यांत अंतर आहे. मात्र ‘चालूं शकत नाहीं’ आणि ‘आम्ही चालविण्याची हमी घेत नाहीं’ हीं दोन वाक्यें एक नव्हेत, आणि दुकानांत हीं दोन्ही एकाच सुरांत उच्चारलीं जातात.

आतां तिसरी जुळणी. नातवाचें घोडें अडलें तें येथेंच. बोर्डावर नखाएवढी एक चिप असते, तींत ‘बायोस’ नांवाचा मूळ कार्यक्रम सांठविलेला असतो. बटण दाबतांच सर्वप्रथम हाच जागा होतो. रायझनसारख्या प्रोसेसरांत तर मुख्य गाभे झोपलेलेच असतात. प्रथम आंतला एक लहान सुरक्षा-प्रोसेसर उठतो, त्या चिपेंतून आपल्यासाठीं लिहिलेला मजकूर वाचतो, स्मृतीच्या पट्ट्यांशीं ताल जमवितो, आणि मग मोठ्या मंडळींना उठवितो. चिपेंत त्या प्रोसेसरसाठीं लिहिलेला मजकूरच नसेल, तर तो तेथेंच थांबतो. पंखे फिरत राहतात, कारण पंख्यांना बारा व्होल्ट मिळाले कीं पुरे. पडदा काळा, कारण पडद्यावर कांहीं लिहिणाराच उठलेला नसतो.

शाळेच्या भाषेंत सांगावयाचें, तर हजेरीपटावर मुलाचें नांव नाहीं. मुलगा वर्गांत आला आहे, बांकावर नीट बसला आहे, पाटी-दप्तरहि घेऊन आला आहे. पण मास्तर पटावरची नांवें पुकारतात, त्यांत त्याचें नांव येत नाहीं. मुलांत दोष नाहीं, बांकांतहि नाहीं. पट जुना आहे. २०१९ सालीं छापलेल्या पटावर २०२१ सालीं जन्मलेल्या प्रोसेसरचें नांव असणार कोठून? आणि दुकानदारानें ‘बोर्ड गेला’ म्हटलें, तें बांक मोडलें म्हणण्यासारखें झालें.

हा पट नवा करतां येतो, हेंच त्यांतलें सुख. बोर्डाचे उत्पादक आपापल्या संकेतस्थळांवर बायोसच्या नव्या आवृत्त्या विनामूल्य ठेवतात. गंमत अशी कीं, नातवाचा जुना २२००जी हा स्वतःहि एकदां याच फेऱ्यांत सांपडला होता. तो २०१८ च्या फेब्रुवारींत निघाला, तेव्हां दुकानांतल्या अनेक बोर्डांच्या बायोसांना त्याची ओळख नव्हती. ओळख करून देण्यासाठीं बोर्ड चालूं हवा, आणि बोर्ड चालूं करण्यास ओळखीचा प्रोसेसर हवा! त्या वेळीं एएमडीनें अडलेल्या गिऱ्हाइकांना एक जुना प्रोसेसर कांहीं दिवसांपुरता उसना पाठविण्याची सोय केली होती.

पण पटाला पानें किती? येथें एक खरी अडचण आहे. अनेक एएम४ बोर्डांवरची ती चिप १६ मेगाबाइटची होती. आपल्या मोबाइलवर काढलेलीं चार-पांच छायाचित्रें तेवढी जागा खातात. आणि एएम४ चें कुटुंब तर वाढतच गेलें. कांहीं उत्पादकांना जुन्या प्रोसेसरांचीं नांवें खोडून नव्यांसाठीं जागा करावी लागली. कोणी बायोसच्या पडद्यावरची सजावट काढून टाकली, कोणी पुढच्या बोर्डांवर ३२ मेगाबाइटची चिप बसविली.

७ मे २०२० रोजीं एएमडीनें जाहीर केलें कीं, येणारी ‘झेन ३’ ही पिढी केवळ एक्स५७० आणि बी५५० या जातींच्या बोर्डांवर चालेल. बी४५० आणि एक्स४७० यांवर नाहीं. कारण दिलें तें चिपेच्या अपुऱ्या जागेचें. लोक खवळले, आणि मला वाटतें त्यांचा राग रास्त होता. बी५५० बोर्ड त्या दिवसापर्यंत बाजारांत आलेलाच नव्हता. तो जूनमध्यें आला. म्हणजे २०१९ सालीं मध्यम किंमतीचा बोर्ड घेणाऱ्यानें बी४५० घेतला, तो दुसरा नव्हताच म्हणून. आणि तो घेतांना, एएम४ बराच काळ टिकेल या भरंवशावर घेतला. त्यांतल्या कित्येक बोर्डांवर मोठी चिपहि होती. बारा दिवसांनीं, १९ मे रोजीं, कंपनीनें आपला शब्द फिरविला: बी४५० व एक्स४७० साठीं निवडक बायोस देऊं, पण ते चढविल्यावर कित्येक जुने प्रोसेसर ओळखले जाणार नाहींत आणि मागें फिरतां येणार नाहीं. पुढें २०२२ सालीं तर २०१७ च्या एक्स३७०, बी३५० आणि ए३२० या बोर्डांनाहि ती दारें उघडलीं. जें मे महिन्याच्या सातव्या दिवशीं अशक्य होतें, तें एकोणिसाव्या दिवशीं शक्य झालें. त्या बारा दिवसांत चिपेची जागा तसूभरहि वाढली नव्हती. अडचण खोटी नव्हती. पण तिच्यापुढें हात टेकावयाचे कीं वाट काढावयाची, हा निर्णय माणसांचा होता. त्या गडबडीचें फळ आमच्या घरच्या बी४५० ला मिळालें.

आतां प्रत्यक्ष काय करावें तें सांगतों. बोर्डाचें पूर्ण नांव बोर्डावरच छापलेलें असतें. त्यांतलें एक अक्षरहि गाळूं नये, आणि ‘रिव्हिजन’चा आंकडा असल्यास तोहि टिपावा, कारण एकाच नांवाच्या दोन आवृत्त्यांत फरक असूं शकतो. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डासमोर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी. तींत प्रत्येक प्रोसेसरसमोर, तो ओळखण्यास बायोसची निदान कोणती आवृत्ति हवी, हें दिलेलें असतें. यादींत नांवच नसेल तर सॉकेट जुळतें म्हणून मनाचे मांडे खाऊं नयेत: २०२१ सालीं आलेले इंटेलचे अकराव्या पिढीचे प्रोसेसर एलजीए १२०० मध्यें बसत, तरी त्याच सॉकेटाच्या एच४१० व बी४६० बोर्डांवर ते चालण्याची सोय नव्हती. आपल्या बोर्डावर आज कोणती आवृत्ति आहे, तें संगणक सुरू होतांना ‘डिलीट’ किंवा ‘एफ२’ कळ दाबली कीं दिसतें. आणि हें सर्व जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच करावें. तो काढल्यावर, विकल्यावर नव्हे. कांहीं बोर्डांच्या पाठीमागें एक बटण असतें, त्यानें प्रोसेसरवांचूनहि पेनड्राइव्हवरून बायोस चढवितां येतो. नवा बोर्ड घेतांना हें बटण आहे कीं नाहीं तें अवश्य पाहावें. रंगीत दिव्यांपेक्षां तें अधिक उपयोगी आहे.

बायोस बदलणें हें केवळ ओळखीपुरतेंच असतें असेंहि नाहीं. २०२३ च्या एप्रिलांत एएम५ वरील कांहीं ‘एक्स३डी’ प्रोसेसर सॉकेटासकट जळाल्याच्या तक्रारी आल्या. त्यानंतर बोर्डांच्या नव्या बायोसांत प्रोसेसरच्या एका भागाचा दाब १.३ व्होल्टांच्या वर जाऊं नये अशी मर्यादा घालण्यांत आली. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांत वाजवीपेक्षां अधिक दाब जाऊन ते अस्थिर होत असल्याचें उघड झालें, तेव्हांहि उपाय बायोसच्या वाटेनेंच आला. मात्र जे आधींच बिघडले होते ते त्यानें सुधारण्यासारखे नव्हते. तेव्हां नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर एकाच दिवशीं घेतले तरी आवृत्ति पाहिलेली बरी.

स्मृतीच्या पट्ट्यांविषयीं एवढेंच कीं, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खांचा निराळ्या असतात. एएम५ ला पांचच लागते, तर एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून तेथें विचारून घ्यावें. आणि ज्या प्रोसेसरांत चित्र काढणारा भाग नसतो, त्यांना निराळें ग्राफिक्स कार्ड लागतें. तें नसलें तर बायोस कितीहि नवा असो, पडदा काळाच राहील.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगतों. नव्या प्रोसेसरवरचा पंखा थोडा फिरवून, मग उचलला. सरळ ओढला तर लेपाला चिकटलेला प्रोसेसर दांडी बंद असतांनाहि सॉकेटांतून उपटून येतो आणि पिना वांकतात. जुना प्रोसेसर परत बसविला. पडदा उजळला! ‘गेलेला’ बोर्ड ठणठणीत होता. बायोस २०१९ चाच निघाला. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणें आधीं एक मधली आवृत्ति आणि मग नवी, अशा दोन पायऱ्या चढावयाच्या होत्या. चढवीत असतांना वीज गेली तर पट अर्धवट लिहिला जाऊन बोर्ड खरोखरच निकामी व्हावयाचा; आमच्याकडे गुरुवारीं दुरुस्तीसाठीं वीज बंद ठेवतात, म्हणून शुक्रवारची सकाळ धरली, आणि शेजाऱ्यांकडून यूपीएस मागून आणला. दोन्ही पायऱ्या मिळून पंधरा मिनिटेंहि लागलीं नाहींत. मग नवा प्रोसेसर बसविला. पहिल्या वेळीं पडदा उजळण्यास मिनिटभर लागलें. तें मिनिट आम्हां दोघांनाहि फार मोठें वाटलें.

पुढच्या आठवड्यांत त्या दुकानावरून जातांना मीं दुकानदाराला हें सांगितलें. तो ओशाळला नाहीं, म्हणाला, “काका, इतका वेळ घालवायला आम्हांला पैसे कोण देतो?” त्याचेंहि खोटें नव्हतें. परवां पाहतों तों, दारांत ‘बायोस अपडेट करून मिळेल’ अशी पाटी लावलेली. पांचशें रुपये घेतो.